सातवं दार

६ मार्च, गुरुवार

धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून बाबांना काही झालं असं तुला वाटलं असेल, म्हणून आधी तेच सांगते. बाबा ठणठणीत आहेत. आज सकाळीच टीव्हीच्या आवाजावरून माझ्याशी भांडले आणि जिंकले.

सहा वर्षांनी लिहिते आहे ती खुशाली विचारायला नाही, काम आहे म्हणून. फोन का नाही, मेल का नाही, ते पुढे वाचशील तेव्हा कळेल. कागद वाचून फाडता येतो, एवढंच आत्ता सांगते. कार्बन घालून लिहिते आहे, माझ्याकडे प्रत राहावी म्हणून. हसू नकोस. सवय जात नाही.

तुझं यंत्र माझ्या टेबलावर आलं आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांसाठी तुमच्या कंपनीने केलेला तो राखाडी कंप्युटर, पाण्यात क्लोरीन किती सोडायचं ते ठरवणारा. मी काय काम करते ते तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. कारखान्यांतले, पाणी-वीज केंद्रांतले असे कंप्युटर आमच्या प्रयोगशाळेत प्रमाणपत्रासाठी येतात. बाहेरचा कोणी नेटवर्कवरून त्यांच्यात शिरू शकतो का, हे बघायला मला पगार मिळतो. म्हणजे लहानपणी तुझ्या दप्तरात जे फुकट करायचे तेच.

पहिल्या दिवशी आम्ही यंत्राला आत जायच्या वाटा किती आहेत ते मोजतो. बाबांना सांगताना मी त्यांना दारं म्हणते. तुमच्या कागदपत्रांत सहा दारं लिहिली आहेत. मी सात मोजली. पुन्हा मोजली, पुन्हा सात. सातव्या दारावर टकटक केली तर त्याने पासवर्ड मागितला. मुद्दाम चुकीचा घातला. यंत्र लगेच 'चूक' म्हणालं नाही. थांबलं. मी घड्याळ लावलं. मोजून सात सेकंद.

मशीन बंद केल्यावर हात घालायच्या आधी सात आकडे मोजायचे, हे बाबांनी आपल्या दोघांच्या डोक्यात हातोडीने बसवलं होतं. बाकी सगळं जग तीन सेकंद ठेवतं, नाहीतर पाच. हे यंत्र कोणी केलं आहे ते मला त्या सात सेकंदांत कळलं.

आमच्याकडे नेहमीच्या पासवर्डांची चाळीस हजारांची यादी आहे. ती लावली, दार उघडलं नाही. यादी लावून झाली की पुढच्या दाराकडे जायचं असतं. मी गेले नाही. बाबांची ती हिरवी लोखंडी पेटी, पुढच्या खोलीतली मोक्याची जागा अडवून बसते आणि काडीचं काम करत नाही म्हणून आपण तिला काय म्हणायचो? जावईबापू. तो शब्द घातला आणि पुढे बाबांचा कारखान्यातला हजेरी नंबर. दार उघडलं. क्लोरीनचा आकडा माझ्यासमोर होता, आणि मला तो हवा तितका वाढवता येत होता.

आता नीट ऐक. चाचणी संपायच्या आत कंपनीने स्वतःहून सांगितलं की आमच्या यंत्रात अशी एक त्रुटी आहे, तर तिला कळवलेली त्रुटी म्हणतात. दुरुस्त करून परत आणायचं, डाग लागत नाही. तीच त्रुटी आम्ही पकडली तर ती लपवलेली ठरते. अर्ज बाद होतो, आणि दार ज्याने ठेवलं त्याचं नाव अहवालात येतं. चाचणी एकवीस तारखेला, शुक्रवारी संपते. मी अजून कोणाला काही बोललेले नाही.

तुझ्या साहेबाकडे जा आणि सांग. दोन ओळींचं पत्र पुरतं.

ताई


११ मार्च, मंगळवार

धाकट्या,

पाच दिवस झाले. काल पोस्टाला दोष दिला, आज तोही देता येत नाही, कारण पोचपावती आली आहे आणि तिच्यावर तुझी सही आहे. ती सही अजून तशीच आहे, पावसात भिजलेल्या मुंगीने काढल्यासारखी.

तू गप्प आहेस म्हणजे तुला वाटत असणार, ताईने मला पेचात पकडलं आणि आता वरून उपकार दाखवते आहे. बरं, मग माझा पेच ऐक.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. यंत्र तुझं आहे हे सात सेकंदांनी कळलं नाही. तू त्या कंपनीत लागलास हे मावशीने मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, विभागासकट. डब्यावरचं कंपनीचं चिन्ह बघितलं तेव्हाच कळलं होतं.

प्रत्येक काम हातात घेण्याआधी आम्हाला एक छापील कागद भरावा लागतो. त्यात तिसरा प्रश्न आहे: अर्जदार कंपनीत तुमचे कोणी नातेवाईक काम करतात का? 'हो' म्हटलं की काम दुसऱ्याकडे जातं, एवढंच होतं. कोणी रागावत नाही, कोणी विचारत नाही. मी पेन हातात घेऊन बसले आणि मनात म्हटलं, ज्याने सहा वर्षांत मला ताई म्हणून एक हाक मारली नाही तो कसला नातेवाईक? आणि 'नाही'वर खूण केली. खाली सही ठोकली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तुझ्या तोंडावर दार आपटल्यासारखं वाटलं.

त्या खुणेचं आता काय झालं आहे बघ. आमच्याकडे सापडलेली प्रत्येक गोष्ट अशी लिहावी लागते की उद्या एखाद्या परक्या माणसाने माझी वही वाचून तेच केलं तर त्यालाही तेच सापडलं पाहिजे. पायरी पहिली, पायरी दुसरी. मी चौथी पायरी काय लिहू? घरातल्या पेटीचं टोपणनाव घातलं? ते लिहिलं की तुझं नाव येतं, आणि तुझं आलं की माझी खोटी सही येते. म्हणून वहीतलं चव्वेचाळीसावं पान मी कोरं ठेवलं आहे. वहीत कोरं पान ठेवायची आमच्याकडे परवानगी नाही. ठेवलंच तर त्यावर आडवी रेघ मारून सही करायची असते. मी रेघही मारली नाही.

हे पत्र लिहिणं हासुद्धा गुन्हाच आहे. तपासणीसाने कंपनीतल्या माणसाशी परस्पर बोलायचं नसतं. घर सोडताना तू म्हणाला होतास ना, तुला माणसापेक्षा कागद जवळचा? हे घे, तीन नियम मोडून झाले तुझ्यासाठी. आणि मला तुझा रागच येतो आहे. एक गोष्ट सांगून टाकली असतीस तर हे काहीच झालं नसतं.

दहा दिवस उरले आहेत.

ताई


१६ मार्च, रविवार

धाकट्या,

आजचं आपलं बोलणं तुलाच लिहून पाठवते आहे, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस.

तू दर रविवारी अकरा वाजता बाबांना फोन करतोस हे मला ठाऊक आहे. पावणेअकरापासून ते टीव्ही बंद करून घड्याळाकडे बघत बसतात आणि मला म्हणतात, "तू बाजारात नाही का गेलीस अजून?" मी पिशवी घेऊन निघते. भाजी मी शनिवारीच आणलेली असते. कोपऱ्यावरच्या बाकावर तासभर बसते आणि रिकामी पिशवी घेऊन परत येते. बाबा एकदाही विचारत नाहीत की आणलंस काय.

आज गेले नाही. फोन वाजला आणि मी उचलला.

"बाबा?"

"मी आहे. ठेवू नकोस."

"पत्र मिळालं. दोन्ही मिळाली. तू मला शिकवू नकोस."

"मी शिकवत नाही, विचारते आहे. दार कशाला ठेवलंस?"

मग तू जे सांगितलंस ते मी दिवसभर डोक्यात फिरवते आहे. दोन वर्षांपूर्वी एका केंद्रावर सकाळच्या पाळीच्या ऑपरेटरने ओल्या हातमोज्यांनी पासवर्ड पाच वेळा चुकवला. पाच चुका झाल्या की यंत्र तासभर कुलूप लावून घेतं. "तुमच्याच प्रमाणपत्रासाठी टाकलं ते कुलूप!" तू ओरडलास. आणि त्याच वेळी क्लोरीनचा पंप जास्तीवर अडकलेला. यंत्र त्या माणसाला आत घेईना. तासभर तो त्या वासात उभा राहून हाताने झडप फिरवत राहिला आणि खोकत खोकत तुला फोन करत राहिला.

"मी काय करू शकत होतो इथून?" तू म्हणालास. "काहीच नाही. घड्याळ बघत बसलो. म्हणून ठेवलं दार. पुन्हा कोणाचा असा फोन आला तर मला उघडून देता यावं म्हणून. तुझ्या टेबलावर नुसतं यंत्र असतं, ताई. माझ्या यंत्रापुढे माणूस उभा असतो."

तू ताई म्हणालास. तुझ्या लक्षात आलं नसेल.

मी विचारलं, "किती वेळा उघडलंस?"

"अकरा."

"दर वेळी तूच?"

तू थांबलास. सात सेकंद नाही, जास्तच. "मी दर वेळी फोनवर असतोच असं नाही. चार केंद्रांवर सांगून ठेवलाय पासवर्ड."

"म्हणजे चार केंद्रांवर भिंतीला चिकटवलेला असणार."

"असेल."

"आणि अशी यंत्रं चालू किती आहेत?"

"एकतीस."

माझ्या टेबलावर एक डबा आहे म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता, आणि बाहेर एकतीस गावांचं पाणी त्या दारातून दिसतं आहे. आज नळाखाली पेला धरताना माझ्या मनात आलं, ह्यातलं एक आपल्याच पाण्यावर तर नसेल? कुठे आहेत ते फक्त तुला माहीत आहे.

मला जे बोलायचं होतं ते आता लिहिते. तुझा ऑपरेटर खरा आहे. त्याला आत घ्यायलाच हवं. पण त्यासाठी यंत्राच्या तोंडावर किल्लीचं बटण लावता येतं. जो तिथे हजर आहे आणि ज्याच्या हातात किल्ली आहे तोच कुलूप काढेल. आमच्या नियमांना ते चालतं, मी स्वतः अशी दोन यंत्रं पास केली आहेत. हे मी सांगायला लागले तर तू म्हणालास, "त्याला आठ महिने लागले असते, मी एका दुपारी केलं." आणि मग, "मी बघतो." आणि फोन ठेवलास.

बाबा शेजारी उभे होते. त्यांच्या वाट्याचा फोन मी खाल्ला. त्यांनी टीव्ही लावला.

ताई


१९ मार्च, बुधवार

धाकट्या,

शाब्बास! आज सकाळी तुमच्याकडून यंत्रात भरायचा नवा प्रोग्रॅम आला. जुना पुसून नवा घातला. दारं मोजली. सहा. तीनदा मोजली, सहाच. मी शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याला उगाचच बिस्किट दिलं.

दुपारी सोबतचं पत्र नीट वाचलं. किरकोळ सुधारणा, असं शीर्षक. एक, पडद्याचा उजेड कमी-जास्त करता येतो. दोन, तारीख आता ठळक दिसते. तीन काही नाही.

तू दार काढलंस. दार होतं हे सांगितलं नाहीस. आणि ते काढलंस फक्त माझ्या टेबलावरच्या डब्यातून. त्या एकतीस यंत्रांना हा प्रोग्रॅम गेला आहे का? जाणार कसा, कुणाला काय सांगून? ती यंत्रं ज्यांच्याकडे आहेत त्यांना ठळक तारखेची घाई नसते.

आणि आमच्याकडचा जुना प्रोग्रॅम मी स्वतःच्या हाताने पुसला आहे. आता शोधूनही कोणाला काही सापडणार नाही. चाचणी संपली की तुझ्या यंत्राला प्रमाणपत्र मिळेल, त्याच्यावर आमचं चंदेरी लेबल लागेल, आणि त्या लेबलाच्या जोरावर तुमची कंपनी पन्नास गावांना आणखी विकेल. त्यांच्यात दार नसेल, मान्य. पण जुन्या एकतिसांनाही लोक त्याच लेबलाखाली धरतील.

मी पत्र लिहून तुला सावध केलं म्हणून हे झालं. मी लिहिलं नसतं तर पुरावा जागेवर असता. मला वाटलं होतं मी तुला वाट करून देते आहे, आणि तू त्याच वाटेने पुरावा घेऊन गेलास.

एकतीस ठिकाणी कळव. अजून दोन दिवस आहेत.

ताई


२२ मार्च, शनिवार

धाकट्या,

काल चाचणी संपली. अहवालावर माझी सही सोमवारी व्हायची आहे.

संपताना आमच्याकडे एक रीत आहे. दुसरा तपासणीस तुमच्या वहीतली कुठलीही दोन पानं उघडतो आणि त्यावरचं सगळं स्वतः करून बघतो. काल चष्मेवाल्याने उघडलं ते त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस. त्रेचाळीसावर सात दारांची यादी आहे, माझ्याच अक्षरात. त्याने मोजली, सहा निघाली. मग चव्वेचाळीसकडे बघितलं, कोरं. चष्मा कपाळावर घेऊन म्हणाला, "रेघ पण नाही?"

"मारायची राहून गेली," मी म्हटलं.

"आणि सातवं?"

"मोजण्यात चूक झाली असेल."

माझ्या मोजण्यात चूक होत नाही हे त्याला माहीत आहे. त्याने वही मिटून माझ्या हातात दिली. मला सोमवारपर्यंत वेळ दिला, एवढं मला समजलं.

'राहून गेली' हे शब्द तोंडातून गेले आणि घरी येईपर्यंत माझा पिच्छा सोडेनात. कारण ते माझे नाहीत, बाबांचे आहेत. कारखान्यातल्या अपघाताच्या चौकशीत, माझ्या जबाबानंतर, त्यांनी तेवढंच सांगितलं होतं.

आता तुला जे कधीच सांगितलं नाही ते सांगते. तुला एवढंच माहीत आहे की पत्रा दाबणाऱ्या प्रेसचं झाकण उघडं असताना मशीन चालू नये म्हणून जो खटका असतो, तो बाबांनी तारेने बांधून टाकला होता, काम पटापट व्हावं म्हणून. त्यांची दोन बोटं गेली. मी त्याच कारखान्यात तपासणी विभागात नवी लागले होते. चौकशीत मला विचारलं आणि मी सांगितलं की हो, तार होती. ठपका बाबांवर आला. बत्तीस वर्षं काम केलेल्या माणसाला कोणी फाटकापर्यंतसुद्धा सोडायला आलं नाही. तू घरातून निघून गेलास.

तू कधी विचारलं नाहीस की तार होती हे मला कसं माहीत. अपघातानंतर गर्दीत कोणीतरी ती काढून फेकली होती. मी चौकशीत सांगू शकले, कारण मी ती आठ दिवस आधी पाहिली होती. फेरीवर होते, हातात वही होती, बाबांची पाठ माझ्याकडे होती. मला लिहायचं होतं. पण वडिलांच्या मशीनवर शेरा मारायचा, तो पण नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात? म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी गेल्यावर म्हटलं, उद्या. आठ दिवस झाले. नंतर चौकशीत खरं बोलले तेव्हा लोक म्हणाले, पोरगी धीट आहे. मी धीट नव्हते. मी आठ दिवस उशिरा बोलले.

आज बाबांना विचारलं. ते डाव्या हाताने रेडिओचा स्क्रू फिरवत बसले होते.

"बाबा, ती तार."

"हं."

"कशाला बांधली होती?"

"त्या दिवशी डब्यांची शंभर झाकणं जास्तीची हवी होती. दुपारपुरती बांधली. काढायची राहून गेली." स्क्रू हातातून पडला, मी उचलून दिला. मग म्हणाले, "तू पाहिली होतीस."

"हो," मी म्हटलं.

"मशीनवर तुझी सावली पडली होती. मला वाटलं, आता ही बोलेल. मग काढू."

सहा वर्षं त्यांना माहीत होतं, धाकट्या. मी बोलेन म्हणून ते थांबले आणि ते काढतील म्हणून मी थांबले. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. त्यांनी त्या तीन बोटांच्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि चहा टाकायला सांगितलं.

मी पुन्हा आठ दिवस थांबणार नाही. सोमवारी काय करणार ते तुला आधी सांगत नाही. आधी सांगितलं की काय होतं ते मी बघितलं आहे.

ताई


२४ मार्च, सोमवार

धाकट्या,

आज अकरा वाजता मी मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांच्या टेबलावर अहवाल, तो खोट्या खुणेचा कागद आणि माझ्या पाच पत्रांच्या कार्बन प्रती ठेवल्या. म्हटलं, "चव्वेचाळीसाव्या पानावर जे यायला हवं होतं ते ह्यात आहे."

त्यांनी सगळी वाचली, बसल्या जागी. मी खिडकीतून खाली उभ्या गाड्या मोजत होते. पेटीचं नाव वाचताना त्या जरा हसल्या असं वाटलं, मग हसल्या नाहीत. वाचून झाल्यावर विचारलं, "ही पत्रं खरंच पाठवलीस?"

"हो."

"प्रती आहेत ह्या. उद्या तुझा भाऊ म्हणेल, मला काही मिळालंच नाही. कंपनी म्हणेल, बाईचं घरगुती भांडण आहे, सूड उगवते आहे. सातवं दार आज कोणाला दाखवता येतं?"

"नाही."

"यंत्रं कुठे आहेत ते तुला माहीत आहे?"

"नाही. त्याला माहीत आहे."

"मग माझ्या हातात फक्त तुझा शब्द आहे. आणि तुझा शब्द," त्यांनी तो खुणेचा कागद वर केला, "हा असा आहे."

त्या चूक नव्हत्या. प्रमाणपत्र त्यांनी अडवून ठेवलं आहे, पण पंधरा दिवसांपेक्षा जास्त अडवता येणार नाही. माझा ओळखबिल्ला काढून घेतला. चष्मेवाला दारापर्यंत सोडायला आला, माझी पाण्याची बाटली घेऊन.

प्रती अहवालाला जोडल्या आहेत, म्हणजे आता त्या कोणीही परकी माणसं वाचतील. तुझी मुंगीची सही, माझा बाक, बाबांची तार, सगळं. मी एक शब्दही खोडला नाही. हे पत्रही जोडणार आहे. तुझं नाव मी बुडवलं आहे हे मला कळतं, आणि सोबत माझंही बुडवलं आहे, तेवढ्याने तुझं काही भरून येत नाही हेही कळतं.

मूळ पत्रं तुझ्याकडे आहेत. ती फाडलीस तर कोणी काही सिद्ध करू शकणार नाही. कागद फाडता येतो हे मीच पहिल्या दिवशी लिहून दिलं होतं.

रविवारी अकराला मी नेहमीसारखी बाजारात जाईन. बाबांना फोन करत जा. त्यांचा ह्यात काही दोष नाही.

ताई


६ एप्रिल, रविवार

धाकट्या,

गुरुवारी मॅडमनी बोलावून घेतलं. टेबलावर तुझं पाकीट होतं. माझ्यासाठी नव्हतं, प्रयोगशाळेच्या नावाने होतं, नोंदणी करून पाठवलेलं.

आत तुझं निवेदन होतं, दीड पानाचं. एकतीस ठिकाणांची यादी, तुझ्या अक्षरात, प्रत्येकापुढे तिथल्या ऑपरेटरचा फोन नंबर. आणि माझी मूळ पत्रं. पहिलं चुरगळून फेकलेलं आणि पुन्हा सपाट केलेलं दिसत होतं. यादीत सतराव्या क्रमांकावर आपलं गाव आहे. म्हणजे मी पेला धरायचे ते पाणी.

बावीस यंत्रांची दारं बंद झाली आहेत. नऊ अजून नाहीत. तिथे नेटवर्कची तार उपटून ठेवली आहे आणि माणसं हाताने झडपा फिरवत आहेत, तू सांगितलास त्या माणसासारखी. हे ऐकून मला झोप लागत नाही, पण दार उघडं होतं तेव्हा लागत होती हे त्याहून वाईट. तुला कंपनीने काढल्याचं मावशीकडून कळलं. माझी चौकशी मे महिन्यात आहे. मॅडम म्हणाल्या, परत टेबलावर बसशील अशी आशा ठेवू नकोस.

निघताना त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. बावीस तारखेच्या पत्राचं एक पान कमी होतं. तार मी आठ दिवस आधी पाहिली ते पान. बाकी सगळं तू दिलंस, स्वतःचं नाव बुडवणारं सगळं, आणि तेवढं एक पान काढून ठेवलंस. मॅडम म्हणाल्या, "हे त्याने का ठेवून घेतलं असेल?" मी म्हटलं, माहीत नाही. अरे वेड्या, त्याची प्रत मी आधीच देऊन बसले होते! तुला अजून काही लपवता येत नाही.

आज अकराला पिशवी घेऊन बाकावर जाऊन बसले. बारा वाजता आले. बाबांनी टीव्ही लावला नव्हता.

"आला होता फोन?" मी विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"आला होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ताई घरात आहे का." बाबांनी माझ्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं. "मी सांगितलं, बाजारात गेलीय."

धाकट्या, येत्या रविवारी मी घरातच आहे.

ताई